चौदाव्या वर्षी पंढरीची वाट

शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. वाढत्या वयाच्या मुलाला घेऊन पायी वारी करायची म्हटलं की पहिली गाठ पडते ती या दोन तारखांची. शाळेची तारीख फारशी हलत नाही, वारीची दरवर्षी हलते. २०२३ मध्ये आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यानं ती २५ जुलैला येते. एकादशी जूनअखेर आली तर शाळेचे सुरुवातीचेच दिवस बुडतात, जुलैच्या उत्तरार्धात आली तर घटक चाचणी तोंडावर असते. दहावी झालेली मुलं मोकळी असतात असं आपण समजतो, पण अकरावीच्या प्रवेशफेऱ्या बहुधा याच दिवसांत चालू असतात. तेव्हा घरी राहणाऱ्या एखाद्या माणसाकडे सगळी कागदपत्रं आणि पासवर्ड देऊन ठेवायला हवेत. नाहीतर वाटेवरच्या वाल्ह्याच्या तळावर रेंज शोधत फिरावं लागतं आणि मुलाचं मन त्या फेरीतच अडकून राहतं.

माझी लेक नववीत होती तेव्हा आम्ही दोघी गेलो. तिनं आधी चक्क नकार दिला होता. "तू का चाललीयस ते सांग, मग मी ठरवते," असं म्हणाली. मला पटकन सांगता येईना. आजोळी वारी होती, आपल्या घरी तुटली, एवढंच कारण होतं. ते तिला पुरलं नाही. मग मी तिच्या हातात इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख दिला. एक समाजशास्त्रज्ञ बाई वारीत चालतात, आनंदून जातात आणि त्याच वेळी दिंड्यांमधलं जातीचं वेगळेपण, वेगळ्या पंगती पाहून अस्वस्थही होतात. लेकीला तो लेख आवडला, कारण त्यात प्रश्न होते. दोन दिवसांनी म्हणाली, "येते. पण मला थांबावंसं वाटलं तर थांबायचं."

ही अट मी मान्य केली, आणि नियोजनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती असं आज मला वाटतं. १३ ते १७ वर्षांच्या मुलाला कडेवर नेता येत नाही आणि ओढतही नेता येत नाही. त्याला २५० किलोमीटर स्वतःच्या पायांनी चालायचं असतं, तर त्या पायांबद्दलचे निर्णयही त्याचेच असायला हवेत: किती दिवस, कोणती दिंडी, कोणते बूट, आणि परत फिरायचं असेल तर कुठून.

पुढचं काम टप्पे समोर मांडण्याचं. माउलींच्या वाटेवरचे आकडे पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. या वारीचे सर्वांत लांब दोन टप्पे अगदी सुरुवातीला आहेत. आळंदी ते पुणे सुमारे २९ किलोमीटर, मग पुण्यात एक दिवस विसावा, आणि नंतर पुणे ते सासवड सुमारे ३२. त्यात दिवे घाटाची चढण. शिवाय तिथीचा हिशेब असा की सासवडचा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, म्हणजे सगळ्यात लांबचा पल्ला आणि उपास एकाच दिवशी. मोठी माणसं वरईच्या भातावर आणि केळ्यांवर हा दिवस काढतात. वाढत्या वयाच्या मुलाला उपास करायचाच असेल तर पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, खजूर, राजगिरा वडी भरपूर हवी. करायचा नसेल तर आग्रह धरू नये, सकाळी घरून आणलेल्या दशम्या खाऊ द्याव्यात.

सासवडला पुन्हा दोन मुक्काम. त्यानंतर वाट सोसवेल अशी होते. जेजुरी १७, वाल्हे १२, नीरास्नान करून लोणंद २०, आणि लोणंद ते तरडगाव फक्त ८. याच छोट्या टप्प्यावर चांदोबाचा लिंब येथे पहिलं उभं रिंगण होतं. फलटणपासून पुढे बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे १८ ते २१ किलोमीटरचे दिवस ओळीनं येतात. वाखरी ते पंढरपूर शेवटचे ५. तिथीच्या वृद्धीक्षयानं मुक्काम थोडेफार बदलतात.

पूर्ण वारीला सुट्टी मिळत नसेल तर बहुतेक घरं आळंदी-पुणे-सासवड एवढंच चालतात, कारण ते जवळ पडतं. माझं मत याच्या उलट आहे. पहिल्यांदा चालणाऱ्या मुलाला त्या तीन दिवसांत फक्त गर्दी, डांबर आणि दमणूक दिसते. दिंडी म्हणून जे काही असतं ते सासवडच्या पुढे उलगडत जातं, आणि गोल रिंगणं तर माळशिरस तालुक्यात शिरल्यावर. आठवडाभरच हातात असेल तर फलटणला जाऊन सामील व्हावं आणि पंढरीपर्यंत जावं.

सराव गुढीपाडव्याला सुरू करावा. आधी रोज ४-५ किलोमीटर, दर रविवारी लांब पल्ला, तो हळूहळू १०, १५, २० पर्यंत. मेअखेरीस लागोपाठ दोन दिवस १८-२० चाललं की खरी परीक्षा होते. पहिल्या दिवशी कोणीही चालतं, दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठणं वेगळं असतं. या वयात मोठ्यांना माहीत नसलेली एक अडचण असते. हाडं वाढत असतात, स्नायू आणि कंडरा त्या मानानं ताणलेल्या राहतात. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागच्या बाजूला दुखत असेल तर तो आळस किंवा बहाणा नसतो. वाढीच्या भागावर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वेळी सराव कमी करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि ते हो म्हणाले तरच पुढे जावं. धनुर्वाताची लस राष्ट्रीय वेळापत्रकात १० आणि १६ व्या वर्षी असते. ती राहिली असेल तर निघण्याआधी घ्यावी, वाटेवर खिळे, काचा, काटे सगळं असतं.

बूट नवे नकोत, हे सगळेच सांगतात. किती जुने, तर निदान दीडशे किलोमीटर चाललेले, आणि अर्धा नंबर मोठे, कारण दिवसभर चालून पाऊल सुजतं. पावसानं बूट भिजले की पट्ट्यांची चप्पल घालून चालता आलं पाहिजे, म्हणून सराव तिच्यातही हवा. आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ झाल्यापासून वाट रुंद झाली, पण अनेक ठिकाणी जुन्या झाडांची सावली गेली. दुपारी कडेच्या मातीवरून चालणं पायाला सोसतं.

एवढं करूनही फोड आलाच. सासवडच्या तळावर राहुटीत बसून लेकीनं मोजा काढला तेव्हा डाव्या टाचेला रुपयाएवढा फुगा होता, आत पाणी स्वच्छ दिसत होतं. दिवे घाटात तिला तिथं आधी नुसती आग होत होती. तेव्हाच बूट काढून कागदी चिकटपट्टी लावली असती तर फोड टळला असता. घर्षण आणि ओल यांनी कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात तेव्हा फोड येतो, त्याच्या आधी ती आग होते. तिनं सांगितलं नाही, कारण मागे पडायचं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. शेजारच्या बिछान्यावरच्या आजी सुई-दोरा घेऊन आल्या. जुना उपाय असा की फोडातून दोरा ओवायचा आणि तो तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. लेकीनं आजींच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, सुई चालेल, दोरा नको. दोऱ्यानं आत घाण जाते." आजी रागावल्या नाहीत. "बरं माउली, तुझा पाय, तू सांगशील तसं," म्हणाल्या. सुई स्पिरिटनं पुसली, फोडाच्या कडेला दोन बारीक भोकं पाडली, पाणी काढलं, वरची कातडी तशीच राहू दिली, मलम लावून पट्टी बांधली. हीच रीत योग्य आहे. लहान, न दुखणारा फोड मात्र फोडूच नये. सासवडचा विसाव्याचा दिवस तिच्या टाचेला कामी आला, जेजुरीला ती चालत गेली.

त्या आजी मराठवाड्यातल्या. वय सत्तरच्या पुढे. सासवडहून पहाटे निघताना त्या लेकीच्या पाया पडल्या. वारीत वय, मान न पाहता एकमेकांच्या पाया पडतात, हे मी तिला घरी सांगितलेलं होतं, तरी ती दचकून मागे सरली. मग घाईनं वाकली आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. त्या दिवसापासून आजींची पाण्याची बाटली भरायचं काम लेकीकडे गेलं. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

कामाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. दिंडीची रचना पाहा: पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मागे वीणेकरी, त्यांच्या मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे. पर्यटकासारखं मोकळ्या हातानं बाजूनं चालणाऱ्या मुलाला चौथ्या दिवशी कंटाळा येतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून दोन महिने आधी टाळ आणून द्यावेत, हरिपाठ ऐकवावा, चाली कानावर पडू द्याव्यात. टाळ जमत नसेल तर पताका आहे. तळावर भाजी चिरणं, पंगतीत वाढणं, ट्रकमधून वळकट्या उतरवणं आहे. आमच्या पैशांचा हिशेब लेकीकडे होता, रोजची वही तीच लिहायची.

दिंडी निवडताना मुलासह एखाद्या रविवारी दिंडीप्रमुखांना भेटून यावं. भिशी, म्हणजे दिंडीत भरायची वर्गणी, किती, त्यात काय काय येतं, बायकांची राहुटी वेगळी आहे का, टँकर आहे का, मुलाच्या वयाचं आणखी कोणी आहे का, हे सरळ विचारावं. मोकळ्या समाजात, म्हणजे कोणत्याही दिंडीत नाव न घालता चालणारेही पुष्कळ असतात. लहानपणापासून वारी पाहिलेल्यांना ते जमतं. पहिल्या वर्षी मुलाबरोबर ते करू नये असं मी ठामपणे सांगेन.

मुलगी असेल तर पाळीबद्दल घरातून निघण्याआधीच बोलून घ्यावं. तारीख वारीत येतेय का, पॅड किती लागतील, वापरलेले कुठे टाकायचे, वाटेवरची फिरती शौचालयं कुठे असतात. काही दिंड्यांमध्ये जुने विटाळाचे नियम अजून पाळतात, तेही दिंडीप्रमुखांच्या घरातल्या बाईंना आधी विचारावं आणि पटत नसेल तर दुसरी दिंडी शोधावी. विटाळ म्हणजे काय असा रोखठोक प्रश्न संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी आपल्या अभंगांत कित्येक शतकांपूर्वी विचारलेला आहे. तो त्याच विठ्ठलाला विचारलेला आहे, हे मुलीला जरूर सांगावं.

झोपेचा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. किशोरवयात शरीराचं घड्याळ मागे सरकतं. झोप आणणारं संप्रेरक उशिरा वाढतं, म्हणून ही मुलं रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत. त्यांना रोज ८ ते १० तास झोप लागते. वारीचं घड्याळ नेमकं उलटं आहे. पालखी सकाळी सहाच्या सुमारास हलते, त्यामुळे बाया तीन वाजताच टँकरखाली अंघोळीला उभ्या असतात. अंधार, चिखल, बॅटरीचे झोत, गार पाण्याची धार. पहिल्या दिवशी लेक रडवेली झाली. यावर उपाय एकच आहे, आणि तो घरून करून निघायचा असतो. तीन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी निजायची आणि उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची, उठल्याबरोबर उजेडात जायचं, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. तरीही वारीत झोप कमीच पडते. म्हणून दुपारच्या विसाव्याला जेवण झालं की झाडाखाली पाऊण तास आडवं व्हायचं, मग भोवती कितीही छान भारुड चाललेलं असो.

पाठीवर ओझं किती, याला शाळेचाच नियम लावावा. २०२० च्या दप्तर धोरणात वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. ४५ किलोच्या मुलाला साडेचार किलो. बाकी सगळं ट्रकमध्ये जातं, त्यामुळे तीन किलोतही भागतं: पाणी, खाऊ, प्लास्टिकचा कागद, सुके मोजे, पट्ट्या. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलाला तोंडपाठ हवं. उघड्यावरचं सरबत आणि कापलेली फळं टाळायला सांगावीत, आणि ती टाळणं वाटेवर किती कठीण जातं तेही सांगावं, कारण माणसं फार प्रेमानं हातात देतात.

चुकामूक होणार हे धरूनच चालायचं. दिंडी क्रमांक, ती पालखीच्या रथापुढची की मागची, ट्रकचा नंबर आणि त्या रात्रीचा मुक्काम, या चार गोष्टी कागदावर लिहून मुलाच्या खिशात आणि डोक्यात असल्या पाहिजेत. फोन लागत नाहीत. हरवल्यावर उलटं फिरायचं नाही, शोधत बसायचं नाही, दिंड्यांच्या ओघातच पुढे चालत राहायचं आणि तळावर ट्रकपाशी थांबायचं. लोणंदच्या आधी आमची तीन तास चुकामूक झाली. मी घाबरून दोनदा मागे फिरले. लेक आजींचा हात धरून केव्हाच तळावर पोहोचली होती आणि भाजी निवडत बसली होती. नियम तिनं पाळला, मी मोडला.

रोज संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती येऊन उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप उंच करतात आणि त्या क्षणी सगळे टाळ थांबतात. मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिनं टाळ थांबवायचे नसतात. ती वाजवत राहते, चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात, आणि तोडगा निघाला की टाळ शांत होतात. लेकीला ही रीत फार आवडली. आम्ही ती आमच्यात आणली. तिला काही सहन होत नसेल तर तिनं फक्त "टाळ" म्हणायचं आणि मी चालायचं थांबून ऐकायचं. वारीभरात तिनं तो शब्द चारदा वापरला: दोनदा पायासाठी, एकदा माझ्या सततच्या सूचनांसाठी आणि एकदा, बरडच्या अलीकडे, घरी जायचं म्हणून. आम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. बरडहून फलटणला जायला गाडी मिळते, तिथून पुण्याची एसटी, हे आम्ही घरीच पाहून ठेवलं होतं, तेच तिला पुन्हा सांगितलं. ती थोडा वेळ बसली, चिक्की खाल्ली आणि म्हणाली, "उद्या ठरवू." दुसऱ्या दिवशी तिनं विषय काढला नाही.

प्रश्न मात्र वाटभर येत राहिले. ज्ञानेश्वरांनी परंपरेनुसार १५ व्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली आणि २१ व्या वर्षी समाधी घेतली, आपण राहिलो त्या सासवडला ज्यांची समाधी आहे ते सोपानदेव त्यांचे धाकटे भाऊ, मुक्ताबाई त्याहून धाकटी, हे ऐकल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ही सगळी आमच्या वयाची पोरं होती? आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं?" चोखोबांची समाधी महाद्वारासमोर का, देवळाच्या आत का नाही, हेही तिनं विचारलं. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, हे मी सांगितलं. अशा प्रश्नांना "देवाच्या वाटेवर असं विचारू नये" म्हणणारे भेटतील. आपण तसं म्हणू नये.

पंढरपुरात काय होणार, याची कल्पनाही घरूनच द्यावी. आषाढीला पदस्पर्शाची रांग कित्येक तासांची, कधी दिवसाहून लांब असते. पायी आलेले असंख्य वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीपाशी माथा टेकतात, कळसाचं दर्शन घेतात आणि परततात. इतकं चालून मूर्ती दिसलीच नाही, हा धक्का शेवटच्या दिवशी बसू नये. आम्हीही कळस पाहून परतलो.

तुमच्या घरी हा बेत ठरत असेल तर दिंडीत नाव घालण्याचं काम वैशाखाआधी करा, नंतर जागा उरत नाहीत. आणि दिंडीप्रमुखांना पहिला फोन मुलालाच लावू द्या. तो अडखळेल, विचारायचं काही विसरेल. तरी मध्ये बोलू नका.